तिकीट की सभासदत्व? पुण्यातल्या कलात्मक चित्रपटांच्या खेळांची पार्श्वभूमी

एखाद्या स्वतंत्र चित्रपटगृहात नवे आर्टहाऊस चित्रपट लावायचे म्हटलं, तर पुण्यात प्रेक्षक येतील का, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते वेगळंच: खेळ तिकिटावर करायचा की सभासदांपुरता? बाहेरच्या माणसाला हा कारकुनी तपशील वाटेल. पण या शहराची चित्रपट पाहण्याची सवय याच फरकातून घडली आहे.

लॉ कॉलेज रस्त्यावर १९६० मध्ये चित्रपटाची शिक्षणसंस्था (आजची एफटीआयआय) आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ते सगळ्यांना ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याबद्दल. जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतंच. आता एखाद्या वकिलातीकडून चार दिवसांसाठी आलेली एकुलती एक प्रिंट, तिचं प्रमाणपत्र कोण काढणार आणि कुणाच्या पैशाने? म्हणून साठच्या दशकात केंद्राने फिल्म सोसायट्यांना, म्हणजे वर्गणीदार सभासदांच्या चित्रपट मंडळांना, त्यातून सूट दिली. अट अशी, की खेळ सभासदांसाठीच असावा, दारावर तिकीट विकू नये.

या सवलतीबद्दल आजही दोन मतं आहेत. ती नसती तर युरोप, जपान, लॅटिन अमेरिकेतला सिनेमा इथल्या दोन पिढ्यांना दिसलाच नसता, असं एक मत. दुसरं मत असं, की तिच्यामुळे हा सिनेमा एका खोलीत बंद झाला. वार्षिक वर्गणी भरणारा, कार्यक्रमपत्रिका घरी येणारा, ओळखीतून आलेला तो आत. शुक्रवारी अलका किंवा मंगलाला जाणारा बाहेर. सत्तरच्या दशकात कात्री न लागलेली दृश्यं पाहायला मिळतात म्हणून कित्येक जण सभासद झाले आणि व्हिडिओ आल्यावर गळाले, हेही खरंच. पहिल्या मतातली कृतज्ञता मला मान्य आहे, तरी दुसरं मत मला जास्त पटतं. सूट मिळाली म्हणून तिकीट विकणारा पडदा उभारायची निकड कुणाला वाटली नाही. तात्पुरती सोय कायमची झाली.

त्या खोलीत प्रेम मात्र अपार होतं. एकाच प्रोजेक्टरवर खेळ असला की रीळ संपताच पडदा पांढरा व्हायचा, दिवे लागायचे. मागे डब्याचं झाकण वाजायचं, नवं रीळ दात्यांवर बसवलं जायचं. त्या दोन-तीन मिनिटांत पायऱ्यांवर बसलेला वसतिगृहातला मुलगा शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना विचारायचा, "सर, ती बाई मगाशी रडली का हो?" ते म्हणायचे, "गप्प बस, पुढच्या रिळात कळेल." अशा मध्यंतरांत मी जेवढा सिनेमा शिकलो, तेवढा पुस्तकांतून नाही.

याच काळात चित्रपट काढायला सरकारी कर्ज मिळू लागलं होतं. १९६९ च्या 'भुवन शोम'ने थोडक्या पैशात काय होतं ते दाखवलं. पण तयार चित्रपट लावायचा कुठे, याची तजवीज त्या प्रमाणात झाली नाही. १९७६ मध्ये संसदीय समितीने कर्ज देणाऱ्या महामंडळावर टीका केली, ती हे चित्रपट चालत नाहीत म्हणून. चालायला पडदा लागतो, हे त्या टीकेत मागे पडलं असं मला वाटतं. अशा चित्रपटांसाठी 'समांतर' हा शब्दही तेव्हाच रुळला. समांतर रेषा मुख्य धारेला कधी मिळत नाही, आणि वितरकांनी तो तसाच घेतला. 'आर्टहाऊस'मध्ये निदान 'हाऊस' तरी आहे. मुळात हा शब्द चित्रपटगृहाचा.

मल्टिप्लेक्स आल्यावर लहान पडदे मिळतील असं वाटलं होतं. मिळाले, पण सकाळचा एखादा खेळ आणि पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत. मराठी 'कोर्ट' २०१५ मध्ये पडद्यावर आला. 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि तो थेट घरच्या पडद्यावर गेला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळवलेला 'साबर बोंडं' सप्टेंबरात थिएटरांत लागला. गावाकडच्या दहा दिवसांच्या सुतकाची ती गोष्ट अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहण्यासारखी आहे.

तिकिटाच्या वाटेवरचा अडसर अजून तोच आहे, उलट तो वाढला. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं. आता थेट उच्च न्यायालय. लहान वितरकाला तो खर्च झेपत नाही. कान महोत्सवात दाखवलेला, ब्रिटनने ऑस्करला पाठवलेला हिंदी 'संतोष' सुचवलेल्या काटछाटीवरून अडला आणि २०२५ मध्ये आपल्या थिएटरांत लागू शकला नाही. २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत कायद्यातून काढली. त्यामुळे प्रमाणपत्र असलेला जुना चित्रपट पुन्हा लावायला ती आडकाठी उरली नाही. महोत्सवातून नुकत्याच आलेल्या नव्या परदेशी चित्रपटाचे रोजचे खेळ तिकीट लावून करायचे असतील, तर मात्र स्वतंत्र चित्रपटगृहालाही प्रमाणपत्रापासूनच सुरुवात करावी लागते.