उष्णतारोधक लेपांची लेसर-चाचणी

उच्चशक्ती लेसरच्या झोतासमोर संरक्षक लेप किती वेळ तग धरतो आणि खालच्या धातूला किंवा संमिश्राला (तंतू आणि राळ यांसारख्या पदार्थांच्या मिश्रणाला) कितपत वाचवतो, हे ठरवण्याची प्रयोगपद्धती.

लेप मुख्यतः तीन प्रकारे संरक्षण देतात. काही प्रकाश परतवतात. झिर्कोनियासारखे (झिर्कोनियम ऑक्साइड) सिरॅमिक उष्णता आत जाऊ देत नाहीत. कार्बन-फिनॉलिकसारखे (कार्बन तंतू आणि फिनॉलिक राळ) स्वतः जळून, वायुरूप होऊन उष्णता घेऊन जातात. प्रकाश किती परततो आणि किती शोषला जातो हे तरंगलांबीवर ठरते, त्यामुळे ती न सांगता दिलेला निष्कर्ष निरुपयोगी ठरतो : पांढरा झिर्कोनिया फायबर लेसरचा (सुमारे १.०७ मायक्रोमीटर) बराचसा प्रकाश परतवतो, पण कार्बन डायऑक्साइड लेसरचा (१०.६ मायक्रोमीटर) बहुतांश शोषतो.

चाचणीत लेप दिलेल्या पत्र्यावर ठराविक शक्तिघनतेचा (दर चौरस सेंटिमीटरवरील शक्तीचा) झोत ठराविक वेळ टाकतात. मागच्या बाजूचे तापमान थर्मोकपलने (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) आणि पुढच्या पृष्ठभागाचे पायरोमीटर (प्रारणावरून दुरूनच तापमान मोजणारे उपकरण) किंवा अवरक्त कॅमेऱ्याने मोजतात. तापताना लेपाची उत्सर्जनक्षमता (उष्णता प्रारणरूपाने बाहेर टाकण्याची क्षमता) बदलते, म्हणून पुढच्या पृष्ठभागाचे आकडे जपून वापरावे लागतात. चाचणीआधीच्या आणि नंतरच्या वजनांवरून एक ग्रॅम लेप नष्ट व्हायला किती ऊर्जा लागली ते निघते. झिजून जाणाऱ्या लेपांची तुलना करायला हाच आकडा सर्वांत उपयोगी.

सर्वाधिक फसगत झोताच्या आकारामुळे होते. ठिपका लहान असला की उष्णता बाजूंनाही पसरते आणि साधारण लेपही उत्तम वाटतो. तोच लेप तितक्याच शक्तिघनतेच्या रुंद झोताखाली लवकर हार मानतो. गाउसीय झोतात (मध्यभागी सर्वांत तीव्र, कडेकडे कमी होत जाणाऱ्या) मध्यबिंदूवरची तीव्रता सरासरीच्या दुप्पट असते, म्हणून नुसती सरासरी देणे पुरेसे नाही. हवेचा प्रवाहही तितकाच महत्त्वाचा. स्थिर हवेत धूर आणि वाफ नमुन्यासमोर साचून झोत अडवतात. वेगवान प्रवाह त्यांना दूर नेतो, वितळलेला थर ओरबाडतो आणि कार्बनला ऑक्सिजन पुरवतो. उड्डाणासाठीच्या लेपाची चाचणी अशा प्रवाहाविना अपुरीच म्हणावी लागेल.

अमेरिकेत ओहायोतील राइट-पॅटरसन हवाई तळावरच्या प्रयोगशाळेत यासाठी १५० किलोवॉट वर्गाचा कार्बन डायऑक्साइड लेसर वापरला गेला. लेसरमुळे होणाऱ्या हानीविषयीचे आयएसओ २१२५४ हे आंतरराष्ट्रीय मानक मात्र अशा लेपांविषयी नसून आरसे-भिंगांसारख्या प्रकाशीय घटकांच्या हानी-उंबरठ्याविषयी (किती तीव्रतेला हानी सुरू होते) आहे.

झोत थांबला तरी नमुन्यावर लक्ष ठेवतात. धातू आणि सिरॅमिक यांचे आकुंचन सारखे नसल्याने झोत सोसलेला लेपही थंड होताना तडकून सुटू शकतो. हे तडे नमुना कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.