जमिनीवरचे कासव आणि गोव्यातल्या शाळा

गोव्यात सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवणारी केअर्स योजना २०२१ मध्ये आली. यातून पुढे नोकरी मिळेल का, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. पण मुलांच्या हाती रोबो देण्याची कल्पना ज्यांनी पहिल्यांदा मांडली, त्यांच्या डोळ्यांसमोर नोकरी नव्हती.

सेमूर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते, हा विचार त्यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासोबत काम करताना आत्मसात केला. १९६७ मध्ये त्यांनी वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. काही वर्षांतच अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात तिच्या आज्ञांवर चालणारे यंत्र आले. जमिनीवर पसरलेल्या कागदावरून ते चाले आणि पोटाखालच्या पेनाने रेघ ओढी. त्याला कासव म्हणत. त्याआधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, ब्रिटनमधल्या ब्रिस्टॉलमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी उजेडाकडे सरकणारी छोटी यंत्रे बनवली होती. त्यांनाही कासवच म्हटले जाई.

या कासवाची खरी किमया त्रिकोण काढताना दिसते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे मुलाला पाठ असते. म्हणून ते ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ असे तीनदा सांगते. त्रिकोण होत नाही, अर्धा षटकोन होतो. मग मूल उठते, स्वतः कासव होऊन तीच वाट चालून बघते, आणि वळताना त्याला कळते की आपण आतल्या कोनातून वळत नाही, बाहेरच्या कोनातून वळतो. तो कोन १२०. तिन्ही वळणांची बेरीज ३६०, म्हणजे एक पूर्ण फेरी. इथे चूक लाल शाईने खोडली जात नाही, ती शोधून दुरुस्त केली जाते. पॅपर्ट यांना हेच हवे होते. प्रश्न असा पायऱ्यापायऱ्यांनी मांडून सोडवणे म्हणजे संगणकीय विचार. हा शब्दप्रयोग त्यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात केला. २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या लेखाने तो जगभर नेला.

मला याहून मोलाचे वाटते ते रेडिया पर्लमन यांचे काम. १९७० च्या दशकाच्या मध्यात, एमआयटीत विद्यार्थिनी असताना, त्यांनी टंकलेखन न येणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी बटणांची पेटी आणि खाचेत खोचायच्या आज्ञापट्ट्या बनवल्या. आजचा बी-बॉट हा लहान मुलांचा छोटा रोबो त्याच कुळातला. पाठीवर बाणांची बटणे, एका आज्ञेला १५ सेंटिमीटर चाल. जुन्या आज्ञा पुसायचे बटण दाबायला मूल विसरले, तर तो आधीची वाट चालतो आणि मग नवी. यंत्र सांगितलेले लक्षात ठेवते, हे पाच वर्षांच्या मुलाला तिथेच उमगते.

आपल्याकडे शालेय संगणकशिक्षणाचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पात झाला. त्यासाठी ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आणले गेले. गोव्यात मनोहर पर्रीकर यांच्या काळात सायबरएज योजनेने उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी संगणक पोचवले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कोडिंग माध्यमिकपूर्व वर्गांत आणले. अकरावीवरून सहावीपर्यंत उतरलो, हे चांगलेच झाले.

तरी सहावी उशिराची आहे. गोव्यातल्या सरकारी शाळांत चौथीपर्यंत मुले मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पुढे बहुतेकांचे माध्यम इंग्रजी होते. त्या बदलाशी झुंजत असतानाच रोबो समोर आला, तर यंत्र आणि भाषा दोन्ही एकदम पेलावी लागतात. बाणांच्या बटणांना भाषा लागत नाही. गट करून खाली बसलेली मुले ‘अरे, इथे डावीकडे वळायला हवे होते’ असा वाद आपल्या भाषेत घालतील, ते वय दुसरी-तिसरीचे. त्यासाठी दोन-चार बी-बॉट आणि खडूने आखलेले १५ सेंटिमीटरचे चौकोन पुरतात.