‘वाढत्या मापाची गिटार घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याकडे पहिलीतली एक मुलगी मोठ्यांची गिटार घेऊन शिकायला आली. उजवा खांदा कानापर्यंत चढलेला, डावं मनगट मुडपलेलं, स्टीलच्या तारांनी बोटांच्या टोकांवर लाल वळ. बाबा म्हणाले, “वाढत्या मापाची घेतली, पुढे कामी येईल.”

गणवेशाला हे चालतं, वाद्याला नाही. हात पुरला नाही की मूल अंग वाकडं करून वाजवतं आणि ती सवय मोडता मोडत नाही. नाहीतर ‘मला जमत नाही’ म्हणून सोडूनच देतं.

लहान मापाची वाद्यं म्हणजे खेळणी नव्हेत. गिटार अर्ध्या, पाऊण मापात मिळते. सहा-सात वर्षांच्या मुलाला बहुधा अर्धी पुरते, तीही नायलॉनच्या तारांची. व्हायोलिन तर एक-सोळांश मापातही मिळतं. (अर्धं म्हणजे लांबीनं निम्मं नव्हे! पूर्ण व्हायोलिनची बॉडी सुमारे ३५.५ सेंटिमीटर, अर्ध्याची ३१-३२.) हनुवटीखाली धरून डावा हात सरळ केला की व्हायोलिनचं टोक तळहातात आलं पाहिजे. म्हणून मुलाला दुकानात सोबत न्याच.

खर्चाची काळजी खरी आहे. त्यासाठी वापरलेलं वाद्य घ्या. माझ्याकडे छोटं व्हायोलिन एका घरातून दुसऱ्या घरात जातं, फक्त तारा नव्या घालतो.