दंतनियमन व दंतधारण

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात मंद व सततच्या दाबाने हलवून दातांच्या कमानीत बसविण्याच्या उपचाराला दंतनियमन म्हणतात. हलविलेले दात नव्या जागी टिकवून धरणे म्हणजे दंतधारण. बोलीभाषेत पहिल्याला ‘दातांना तारा लावणे’ म्हणतात. दुसऱ्याला बोलीत स्वतंत्र नाव नाही. दवाखान्यातला ‘रिटेनर’ हाच शब्द घरी येतो. तारा निघाल्या की उपचार संपला, ही सार्वत्रिक समजूत या नाव नसण्यातही दिसते. ऑर्थोडॉन्टिक्स ही शास्त्रशाखेची संज्ञा ‘सरळ’ व ‘दात’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनली आहे. तिचे मूळ फ्रेंच रूप लफूलाँ या फ्रेंच दंतवैद्याने सु. १८४० मध्ये रूढ केले, असे सामान्यतः मानतात.

इतिहास : या उपचाराचा आरंभ फार मागे नेण्याचा मोह अनेक लेखकांना झालेला आहे. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत दातांभोवती बसविलेल्या सोन्याच्या पट्ट्या सापडल्या. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. सातवे ते पहिले शतक असा धरतात. या पट्ट्या दात सरळ करण्यासाठी होत्या, असे जुन्या दंतवैद्यकीय इतिहासांत बेधडक लिहिलेले आढळते आणि तिथून ते विधान लोकप्रिय लेखनात पसरले. पट्ट्यांची प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचे मत वेगळे आहे. शुद्ध सोने मऊ असते. त्याची दाताभोवती वळविलेली सपाट पट्टी दात जागच्या जागी धरून ठेवील, पण त्यावर सतत दाब देणार नाही. शिवाय बऱ्याच पट्ट्यांत पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी बसविलेला दुसरा दात आढळतो आणि ज्यांच्या अवशेषांचे लिंग ठरविता आले त्यांत स्त्रियाच अधिक आहेत. तेव्हा हे कृत्रिम दात बसविण्याचे आणि बहुधा मिरविण्याचे साधन होते, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. दंतनियमनाऐवजी दंतधारणाशी त्यांचे नाते जोडले, तर ते फारसे चुकणार नाही. ईजिप्तच्या ममींच्या दातांना आतड्याच्या दोऱ्याने धातूच्या कड्या बांधून दात सरळ करीत, या वारंवार उद्धृत होणाऱ्या विधानाला याहूनही कमी आधार आहे.

लिखित पुराव्यात सेल्सस या रोमन लेखकाचा उल्लेख (इ. स. पहिले शतक) सर्वांत स्पष्ट आहे. दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवल्यास दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबून जागेवर आणावा, असे तो सांगतो. भारतीय ग्रंथांत वेड्यावाकड्या दातांची नोंद आहे, मात्र ते हलविण्याचा उपाय नाही. अष्टांगहृदयातील दंतरोगांत ‘कराल’ म्हणजे विक्राळ, वेडेवाकडे उगवलेले दात आणि ‘अधिदंत’ म्हणजे जादा दात असे दोन वेगळे प्रकार येतात. जादा दात उपटून त्या जागी अग्निकर्म करावे म्हणजे डाग द्यावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. कराल हा माधवनिदानात असाध्य ठरविला आहे. या उल्लेखांवरून प्राचीन भारतात दंतनियमन होते असा निष्कर्ष काढणे ओढूनताणून होईल.

प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात घोड्याच्या नालेच्या आकाराची, भोके पाडलेली धातूची पट्टी वर्णिली आहे. दात दोऱ्यांनी या पट्टीकडे ओढून बांधीत. काही वेळा तो चिमट्याने दात एका झटक्यात सरळ करी आणि तो घट्ट होईपर्यंत शेजारच्या दातांना बांधून ठेवी. टाळू रुंद करण्याचा स्क्रू एमर्सन एंजेल या अमेरिकन दंतवैद्याने १८६० मध्ये वापरला, तेव्हा त्याच्यावर अविश्वासच दाखविला गेला. हे तंत्र शंभर वर्षांनी पुन्हा प्रचारात आले.

या शाखेला आजचे रूप एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) या अमेरिकन दंतवैद्याने दिले. त्याने १८९९ मध्ये मांडलेले दंतविषमतेचे (वरखालचे दात नीट न जुळण्याचे) वर्गीकरण अजून वापरात आहे. वरच्या पहिल्या कायम दाढेचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसतो की नाही, यावर ते आधारलेले आहे : पहिल्या वर्गात दाढा जुळतात पण पुढचे दात दाटलेले असतात, दुसऱ्यात खालची कमान मागे व तिसऱ्यात पुढे असते. १९२० नंतरच्या दशकात त्याने आयताकृती खाचेचा ब्रॅकेट, म्हणजे दातावर बसून तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, आणला. त्या खाचेचे ०·०२२ × ०·०२८ इंच हे माप आजच्या ब्रॅकेटांतही टिकून आहे.

दात काढण्याचा वाद : सर्व दात राखूनच कमान रुंद करावी, हा अँगलचा जवळजवळ धर्मश्रद्धेसारखा आग्रह होता. कॅल्व्हिन केस या अमेरिकन दंतवैद्याने १९११ मध्ये त्याला उघड विरोध केला; काही चेहऱ्यांत उपदाढा (सुळा व दाढा यांमधले दात) काढल्याशिवाय दात नीट बसत नाहीत आणि बसविले तरी टिकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्या वेळी केस हरला. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने दात न काढता पूर्ण केलेले आपले रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचे दात परत फिरलेले व ओठ पुढे आलेले त्याला दिसले. त्यांपैकी १०० जणांवर त्याने चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये ते निकाल मांडले. अँगलचा दुसरा शिष्य, ऑस्ट्रेलियातील ॲडिलेडचा रेमंड बेग, वेगळ्या वाटेने तिथेच पोचला. भरड अन्नाने तिथल्या आदिवासींचे दात बाजूंनी झिजतात व त्यामुळे कमानीत जागा होते. आधुनिक मऊ अन्नाने ती होत नाही म्हणून उपदाढा काढून ती करून द्यावी, असा त्याचा युक्तिवाद होता. झिजेबद्दलचे त्याचे निरीक्षण मोलाचे असले, तरी त्यावरून काढलेला सरसकट नियम आता कोणी पाळत नाही. मात्र दात काढल्याने कमान कायमची स्थिर होते ही ट्वीडपंथीयांची आशाही पुढे खरी ठरली नाही (पुढे ‘धारण’ पाहा).

दात हलण्याची क्रिया : दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाडाची खोबणी यांमध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. याला परिदंत बंध म्हणतात. दाताला हलका दाब दिला की ज्या बाजूला बंध दबतो तिथले हाड विशिष्ट पेशी विरघळवितात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड घातले जाते. अशा रीतीने दात आपली खोबणी बरोबर घेऊन सरकतो, साधारणतः महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास. सँडस्टेट याच्या कुत्र्यांवरील प्रयोगांपासून (१९०४–०५) या उपपत्तीची बैठक तयार झाली. दाब जास्त दिल्यास दात लवकर सरकेल हा समज उलटा आहे : रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन तिथला ऊतकभाग मरतो, दात अडकून बसतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा संभव वाढतो. मुळे आखूड होण्याचा हा दोष क्ष-किरण चित्रांच्या आधारे अल्बर्ट केचम याने १९२७ च्या सुमारास पुढे आणला, तेव्हा व्यवसायात खळबळ उडाली होती.

साधने : पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवून तिला ब्रॅकेट जोडीत. दातावर आम्ल लावून ते खरखरीत केल्यास राळ घट्ट चिकटते, हे ब्यूनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने १९५५ मध्ये दाखविले. त्यानंतर ब्रॅकेट सरळ दातावर चिकटविता येऊ लागले आणि पट्ट्या फक्त दाढांपुरत्या उरल्या. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झालेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू १९७० नंतर या उपचारात आला. त्याची तार वाकली तरी मूळ आकार घेऊ पाहते, त्यामुळे सुरुवातीचे महिने वारंवार तार बदलण्याची गरज कमी झाली. अँड्र्यूज या अमेरिकन दंतवैद्याने १९७२ मध्ये नैसर्गिक सुरेख दातांची सहा लक्षणे मांडली व त्यांनुसार प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटातच घडविला. सिरॅमिकचे दातांच्या रंगाचे ब्रॅकेट व दातांच्या आतल्या बाजूस लावण्याचे ब्रॅकेट हे तत्त्वतः याच कुळातले.

वाढत्या वयातील मुलांत जबड्याच्या वाढीला वळण देणारी काढघाल करण्याजोगी साधने वापरतात. ती वाढीचा जोम असतानाच उपयोगी पडतात. प्रौढपणी जबड्यांतलाच फरक मोठा असेल, तर तारांच्या जोडीला जबड्याची शस्त्रक्रिया लागते. पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर, १९९९ पासून बाजारात आहेत. संगणकावर दातांचे टप्पे पाडून प्रत्येक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटर हलवितो. तो दिवसाला २० ते २२ तास तोंडात असावा लागतो. किंचित दाटी व फटी यांसाठी ते चांगले. दात उभा ओढून खाली आणणे किंवा गोल सुळा वळविणे त्यांना जड जाते. तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो.

धारण : तारा काढल्या त्या दिवशी दात जागेवर असतात, पण त्यांच्याभोवतीचे ऊतक अजून नव्या जागी स्थिरावलेले नसते. नॉर्वेच्या रायटनने कुत्र्यांचे दात वळवून केलेल्या प्रयोगांत याचा काळ मोजला. परिदंत बंधाचे मुख्य तंतू तीन-चार महिन्यांत नवी मांडणी घेतात. हिरडीतील तंतूंना अधिक काळ लागतो. हाडाच्या काठावरचे लवचिक तंतू मात्र सात-आठ महिन्यांनंतरही ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या दिशेने ओढत राहतात. वळलेला दात पुन्हा वळतो तो याचमुळे. हे तंतू हिरडीच्या काठाशी कापून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया एडवर्ड्‌सने १९७० मध्ये सुचविली. ती उपयोगी असली तरी फारशी केली जात नाही.

तंतूंचेच कारण असते, तर वर्षभर रिटेनर घालून प्रश्न मिटला असता. वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल, रीडल व त्यांचे सहकारी यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांचे दात रिटेनर बंद केल्यावर दहा वर्षांनी तपासले (१९८१). सुमारे दोन-तृतीयांश जणांत खालचे पुढचे दात पुन्हा नजरेत भरण्याइतके दाटले होते. वीस वर्षांनी पाहिलेल्या लहान गटात तर समाधानकारक दात सुमारे दहा टक्क्यांनाच उरले होते (१९८८). कोणाचे दात टिकतील हे आधी सांगणारे एकही खात्रीचे लक्षण त्यांना सापडले नाही. खालच्या सहा पुढच्या दातांमधील पाच स्पर्शबिंदूंची फारकत मिलिमीटरमध्ये मोजण्याची लिटलची पद्धत (१९७५) या संशोधनाचा पाया आहे, ३·५ मिमी.पर्यंतची फारकत त्यांनी चालण्याजोगी मानली होती.

याच गटाने उपचार न घेतलेल्या, मुळात चांगले दात असलेल्या व्यक्तींच्या दातांच्या साच्यांवरही मापने घेतली, तेव्हा त्यांच्यातही खालची कमान वयाबरोबर आखूड होत असल्याचे दिसले. म्हणजे दात परत फिरणे हे सर्वस्वी उपचाराचे अपयश नसते. वार्धक्याकडे जाणाऱ्या देहातला तो एक सामान्य बदल असतो. या दाटीचा दोष अक्कलदाढेवर टाकण्याची प्रथा जुनी आहे आणि दंतवैद्यांतही ती पुरती गेलेली नाही. इंग्लंडमधील यादृच्छिक चाचणीत (१९९८) केवळ दाटी टाळण्यासाठी अक्कलदाढ काढण्याचे समर्थन होत नाही असे दिसले. अक्कलदाढ जन्मतःच नसलेल्यांचेही दात दाटतात, हा युक्तिवाद अधिक सरळ आहे.

धारणाची साधने तीन. टाळूवर बसणारी ॲक्रिलिकची पट्टी व पुढच्या दातांवरून जाणारी तार असलेला हॉली रिटेनर सर्वांत जुना. त्याचा काळ काही ग्रंथ १९०८, तर काही १९२० नंतरचे दशक असा देतात. चार्ल्स हॉलीचा त्यावरील लेख १९१९ चा असल्याने ते वर्ष धरणे सुरक्षित. आरंभी हा रिटेनर व्हल्कनाइट रबराचा असे. दुसरा, गरम प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर ओढून बनविलेला पारदर्शक रिटेनर. शेरिडनने १९९३ मध्ये त्याचा प्रसार केला, पण तसा रिटेनर १९७१ मध्येही वर्णिलेला आहे. तिसरा, दातांच्या आतून सुळ्यापासून सुळ्यापर्यंत चिकटविलेली बारीक पिळाची तार (१९७० नंतर). ती रुग्णाच्या आठवणीवर अवलंबून नसते हा तिचा मोठा गुण. मात्र तिच्याखाली किटण साचते आणि एखाद्या दातावरून ती सुटली, तरी बाकीच्या दातांवर घट्ट असल्याने कळत नाही. क्वचित तार न सुटताही तिच्यात शिल्लक राहिलेल्या पिळाने दाताचे मूळ हाडाबाहेर ढकलले गेल्याची उदाहरणे नोंदली आहेत.

यांपैकी कोणते साधन सरस, याविषयी वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनांनी उपलब्ध पुरावा अपुरा ठरविला आहे. काढघालीचे रिटेनर पहिले काही महिने दिवसभर व पुढे रात्री, अशी जुनी रीत आहे. सुरुवातीपासून केवळ रात्री घातल्यानेही फारसा फरक पडत नाही, असे काही चाचण्या सुचवितात. किती वर्षे, या प्रश्नाला पूर्वी ‘एक-दोन’ असे उत्तर असे. लिटलच्या निष्कर्षांनंतर, दात सरळ हवे असतील तोवर, हे उत्तर रूढ होत गेले.

भारतात : इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ ची. या शाखेचा तज्ज्ञ होण्यासाठी बी. डी. एस. नंतर तीन वर्षांची एम. डी. एस. ही पदवी घ्यावी लागते. इथल्या दंतमहाविद्यालयांत बेगची पद्धत बराच काळ शिकविली जाई. आता तिची जागा ब्रॅकेटातच दाताचा कल घडविण्याच्या अँड्र्यूजच्या पद्धतीने घेतली आहे. दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती दाढ अकाली काढावी लागली की मागची कायम दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची जागा जाते. पुढच्या तारांचे एक कारण तिथेच तयार होते. तारा बहुधा शाळेच्या शेवटच्या वर्षांत निघतात आणि महाविद्यालयासाठी गाव सुटते त्या सुमारास रिटेनर हरवतो. काही दिवस न घातलेला रिटेनर घट्ट वाटला पण पूर्ण बसला, तर तो घालणे सुरू ठेवावे. बसतच नसेल तर जोर न करता नवा साचा घ्यावा लागतो. पारदर्शक रिटेनर गरम पाण्याने धुतल्यास त्याचा आकार बिघडतो.