६० वॅटचा बल्ब १०० वॅटच्या बल्बवर मात करतो तेव्हा

जुन्या पद्धतीचे, तार तापून पिवळा उजेड देणारे दोन बल्ब घ्या. एक ६० वॅटचा, दुसरा १०० वॅटचा. घरातल्या दोन होल्डरमध्ये लावले तर १०० चा जास्त उजळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता हेच दोन बल्ब माळेसारखे एकामागोमाग एक ओवा. फेजची (वीज आणणारी) तार पहिल्या बल्बला, पहिल्यातून निघालेली तार दुसऱ्याला आणि दुसऱ्यातून निघालेली न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला. बटण दाबलं की ६० चा बल्ब बऱ्यापैकी उजळतो आणि १०० च्या बल्बची तार जेमतेम तांबूस दिसते. बल्ब तेच आहेत, वीजही तीच २३० व्होल्टची. बदलली ती फक्त जोडणी.

शाळेत एकसर (अशी एकामागोमाग एक) आणि समांतर (प्रत्येकाला वेगळी वाट देणाऱ्या) जोडणीची सूत्रं पाठ होतात, परीक्षेतली गणितं सुटतात, पण हा उलटफेर फार थोड्यांच्या लक्षात राहतो. मला तो विजेच्या साऱ्या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. गिझरचा प्लग का वितळतो, न्यूट्रल तुटल्यावर टीव्ही का जळतो, या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

बल्बवर छापलेला वॅटचा आकडा अटीवरचा असतो: २३० व्होल्ट मिळाले तर इतके वॅट. बल्बच्या अंगचा गुण म्हणजे त्याच्या तारेचा रोध, विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. व्होल्टचा वर्ग करून त्याला वॅटने भागलं की तो निघतो. १०० वॅटच्या बल्बचा रोध येतो ५२९ ओहम, आणि ६० वॅटच्या बल्बचा सुमारे ८८२ ओहम. म्हणजे कमी वॅटच्या बल्बचा रोध जास्त, कारण त्याची तार बारीक असते.

घरातली सगळी उपकरणं समांतर जोडलेली असतात. प्रत्येकाचं एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला. त्यामुळे प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि शेजारी काय चालू आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ज्याचा रोध कमी, त्यातून जास्त धारा (विजेचा प्रवाह) वाहते: १०० च्या बल्बमधून ०.४३ अँपिअर, ६० च्या बल्बमधून ०.२६. दोन्ही चालू असताना मेनमधून साधारण ०.७ अँपिअर वाहतो. दोघांचा मिळून परिणामी रोध भरतो सुमारे ३३१ ओहम, म्हणजे दोघांतल्या लहान रोधापेक्षाही कमी. रोध वाढवत गेलो आणि एकूण रोध कमी झाला, हे मुलांना खटकतं. पण आपण वाटेत अडथळा वाढवलेला नसतो, धारेला आणखी एक वाट काढून दिलेली असते. बटणं दाबत जावं तसतसा घराचा परिणामी रोध उतरत जातो आणि मेनमधली धारा चढत जाते. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री, हीटर आणि इंडक्शन शेगडी लावली की बोर्डाची वायर गरम होते ती याचमुळे.

घरात समांतर जोडणीच असायची, हे मात्र सुरुवातीपासून ठरलेलं नव्हतं. १८७० च्या दशकात रस्त्यांवर लागणारे आर्क दिवे बहुधा एकसर जोडलेले असत आणि सगळे एकदम पेटत, एकदम विझत. चौकासाठी ते चालून जाई, घरात एका खोलीतला दिवा मालवायचा तर ते अशक्य होतं. थॉमस एडिसनला दिवे समांतर जोडायचे होते. पण कमी रोधाचे शेकडो दिवे समांतर लावले तर मुख्य तारांतून प्रचंड धारा जाणार आणि तितकं जाड तांबं कुणालाच परवडणार नाही. म्हणून त्याने दिव्याच्या तारेचा रोध मोठा हवा असा आग्रह धरला. १८७९ साली त्याच्या प्रयोगशाळेत जमलेला कार्बनच्या बारीक तंतूचा दिवा तसा होता. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला तो याच हिशेबावर. एडिसनचं नाव दिव्याशी जोडलं जातं, पण माझ्या मते दिव्याइतकंच मोठं काम हा हिशेब होता.

समांतर जोडणीबद्दल एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. 'वीज सर्वांत सोप्या वाटेने जाते' असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती सगळ्या वाटांनी जाते. रोध कमी तिथून जास्त, रोध जास्त तिथून कमी. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्लिश शास्त्रज्ञाने विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशावरच्या १७७६ च्या निबंधात हे स्पष्ट लिहून ठेवलं होतं, ओहमच्या नियमाच्या पन्नास वर्षं आधी. आता विजेची गळती असलेल्या वॉशिंग मशीनला ओल्या हाताने स्पर्श करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचं शरीर आणि अर्थिंग या दोन समांतर वाटा झाल्या. अर्थिंगचा रोध १ ओहम आणि ओल्या शरीराचा १००० धरला, तर हजारातला एक भाग शरीरातून जाईल. पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून तोच रोध १० ओहम झाला, की शंभरातला एक भाग शरीराच्या वाट्याला येतो. गळती १० अँपिअरची असेल तर शरीरातून १०० मिलिअँपिअर, आणि तेवढे हृदय बंद पाडायला पुरेसे आहेत. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वर पाणी घालायची पद्धत असते, ती हा रोध खाली ठेवण्यासाठी.

आता एकसर जोडणी. इथे धारेला वाट एकच, त्यामुळे दोन्ही बल्बमधून धारा सारखीच वाहते. वाटणी होते ती व्होल्टेजची, आणि ती रोधाच्या प्रमाणात. दोघांचा मिळून रोध १४११ ओहम, धारा ०.१६ अँपिअर. ६० च्या बल्बवर पडतात १४४ व्होल्ट, १०० च्या बल्बवर ८६. पहिला साधारण २३ वॅट खातो, दुसरा १४. खरा फरक याहूनही मोठा असतो. टंगस्टनची तार जितकी थंड, तितका तिचा रोध कमी; पूर्ण तापलेल्या तारेच्या मानाने थंड तारेचा रोध दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. १०० चा बल्ब नीट तापत नाही म्हणून त्याचा रोध आणखी घसरतो, त्याच्या वाट्याचे व्होल्ट आणखी घटतात, आणि ते ६० च्या पदरात पडतात.

थोडक्यात, समांतर जोडणीत कमी रोधाचा गडी जास्त तापतो, एकसर जोडणीत जास्त रोधाचा.

टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर याचा रोज उपयोग करतात. त्यांच्या टेबलावर सिरीज बोर्ड असतो, म्हणजे प्लगच्या वाटेतच एकसर जोडलेला १०० किंवा २०० वॅटचा बल्ब. बिघडलेलं उपकरण त्यातून चालू करायचं. आत शॉर्ट असेल तर उपकरणाचा रोध जवळपास शून्य, सगळे २३० व्होल्ट बल्बवर, बल्ब लख्ख पेटतो आणि धारा त्याच्या मर्यादेबाहेर जात नाही. शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो.

दिवाळीतली बारीक बल्बांची जुनी माळ हाच खेळ मोठ्या संख्येने खेळते. ६ व्होल्टचे ४० बल्ब एकसर जोडले की प्रत्येकाला पावणेसहा व्होल्ट. एकाची तार तुटली की धारा थांबते आणि माळ विझते. अशा वेळी गेलेला बल्ब कापून दोन तारा पिळून टाकायची सवय पुष्कळ घरांत आहे. आठ बल्ब असे वगळले की उरलेल्या ३२ बल्बांना ७.२ व्होल्ट मिळतात, ठरल्यापेक्षा वीस टक्के जास्त. एवढ्याने तारेच्या बल्बचं आयुष्य साधारण दहाव्या भागावर येतं, म्हणून अशी माळ एकदा जायला लागली की भराभर जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माळ विझली म्हणजे धारा शून्य. धारा शून्य असली की धड बल्बांवर व्होल्टेज पडत नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागेवर येऊन बसतात. ६ व्होल्टच्या बल्बचं ते रिकामं होल्डर मेनच्या सॉकेटइतकंच घातक असतं. प्लग काढल्याशिवाय तिथे बोट नेऊ नये.

सैल जोड हाही एकसर जोडलेला रोधच. २००० वॅटच्या गिझरचा रोध साधारण २६ ओहम असतो. प्लगची पिन सॉकेटमध्ये ढिली बसली आणि तिथे अर्धा ओहम तयार झाला, तर गिझरला काही कळत नाही, पाणी तापत राहतं. पण साडेआठ अँपिअर त्या अर्ध्या ओहममधून जाताना तिथे सुमारे ३६ वॅट उष्णता निघते. तेवढ्या ताकदीचा सोल्डरिंग आयर्न शिसं-कथील वितळवतो. इथे ती सगळी उष्णता पिनेभोवतीच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडते. एमसीबी (धारा मर्यादेबाहेर गेली की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण धारा वाढलेली नसते, उलट किंचित घटलेली असते. त्याच ढिल्या पिनेवर १०० वॅटचा बल्ब लावला तर उष्णता निघेल वॅटचा जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून काळवंडलेला प्लग बहुधा गिझर, इस्त्री किंवा हीटरचा असतो.

सर्वांत मोठं नुकसान न्यूट्रल करतो. ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. कुणाही फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. समजा, एक घर एका फेजवर आहे, शेजारचं दुसऱ्या फेजवर, आणि दोघांचा न्यूट्रल एकाच तारेने मागे जातो. ती तार मागे कुठेतरी तुटली. दोन्ही घरं अजून एकमेकांना जोडलेली आहेत, पण परतीची वाट गेली. आता धारा एका फेजमधून पहिल्या घरात, तिथून दुसऱ्या घरात आणि तिथून दुसऱ्या फेजमध्ये जाते. समांतर असलेली दोन घरं एका क्षणात ४०० व्होल्टवर एकसर झाली.

पहिल्या घरात १००० वॅटची इस्त्री चालू आहे, रोध ५२.९ ओहम. दुसऱ्यात दोन दिवे आणि छोटी उपकरणं मिळून २०० वॅट, रोध २६४.५ ओहम. वाटणी एकास पाच. इस्त्रीला मिळाले ६७ व्होल्ट, ती कोमट होऊन बसली. दुसऱ्या घरातल्या दिव्यांवर आणि टीव्हीवर आले ३३३ व्होल्ट. त्यातली निम्मी उपकरणं जळून बंद पडली, तर वाटा कमी झाल्यामुळे त्या घराचा रोध दुप्पट होतो आणि उरलेल्यांवर ३६० च्या वर व्होल्ट चढतात. (टीव्ही काही शुद्ध रोध नव्हे, पण वाटणीची दिशा हीच राहते.) ज्यांनी कमीत कमी वीज वापरली, त्यांचंच घर जळतं. साधा एमसीबी इथेही गप्प राहतो. तो धारा मोजतो, व्होल्टेज नाही. त्यासाठी जादा व्होल्टेजला तोडणारं वेगळं उपकरण मेनजवळ बसवावं लागतं.

न्यूट्रलच्या तारेत सुटा फ्यूज किंवा एकेरी स्विच घालायचा नाही, हा नियम याचसाठी आहे. फेजचा फ्यूज उडाला तर अंधार होतो. तीन फेजच्या सामाईक न्यूट्रलमधला उडाला तर वर सांगितलेला सगळा प्रकार घडतो. इमारतीच्या मीटररूममध्ये न्यूट्रलचे जोड वर्षातून एकदा तरी आवळून घेतले पाहिजेत. आणि कधी काही दिवे अचानक प्रखर झाले, पंखा सुसाट सुटला, त्याच वेळी शेजारच्या घरात उजेड मलूल झाला, तर आधी मेन स्विच बंद करावा. वायरमनला फोन करताना नुसतं 'व्होल्टेज वाढलंय' न म्हणता एका घरात वाढलंय आणि दुसऱ्यात पडलंय, हे आवर्जून सांगावं, म्हणजे तो आल्याबरोबर न्यूट्रलचा जोड तपासायला घेईल.