न बांधलेल्या यंत्राचा हिशेब

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत बारावीच्या मुलीनं "मला इंजिनिअरिंग नको, फिजिक्स करायचंय, तेही थिअरी" असं सांगितलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे दिवसभर करणार काय?" प्रश्न रास्त आहे. सैद्धांतिक कणभौतिकी करणाऱ्याच्या टेबलावर कागद, पेन आणि कॉम्प्युटर सोडला तर पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नसतं. उत्तरादाखल मी कणभौतिकीतल्या सैद्धांतिक शास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले यांचं काम सांगतो. हिग्ज बोसॉनवर (इतर मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण), अतिसममितीवर (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असावा ही कल्पना) त्यांनी पुष्कळ लिहिलं. पण मला सांगावीशी वाटते ती त्यांची एक आकडेमोड.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित प्रतिकण) यांची टक्कर घडवणारी यंत्रं स्वच्छ मानली जातात. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क आणि ग्लुऑन या आणखी लहान कणांची खिचडी असते, त्यामुळे दोन प्रोटॉन आदळले की नेमकं कोण कुणावर आदळलं हे शोधण्यातच निम्मी शक्ती जाते. इलेक्ट्रॉनला पोटच नाही. अडचण वेगळीच येते. विद्युतभारित कण वळला की त्याच्यातून प्रकाश निसटतो आणि ऊर्जा जाते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात २००० सालापर्यंत असंच एक गोल यंत्र चालायचं. शेवटी शेवटी त्यातला इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे ३ टक्के ऊर्जा गमवायचा. मग उपाय निघाला की यंत्र सरळच बांधायचं. वळण नाही, तर गळती नाही.

पण सरळ यंत्रात कणांना एकच संधी मिळते. समोरासमोरून आले, चुकले, की संपलं. म्हणून कोट्यवधी कणांचे पुंजके अगदी दाबून, काही नॅनोमीटर जाडीचे करून एकमेकांवर सोडायचे. इथं गोम आहे. इतके दाटलेले पुंजके जवळ आले की एकाच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रानं दुसऱ्यातले कण वळतात. वळले की पुन्हा प्रकाश. या प्रकाशाला बीमस्ट्राहलुंग म्हणतात. त्यातले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मग समोरून येणाऱ्या फोटॉनवर आदळणार.

आदळले तर आदळले, फोटॉन तर आणखीच निरुपद्रवी, असं कुणालाही वाटेल. क्वांटम सिद्धांत मात्र फोटॉनला क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीत बदलायची मुभा देतो. त्या क्षणी दोन फोटॉनची गाठ पडली तर ते जवळजवळ प्रोटॉनसारखेच वागतात आणि कणांचे झोत उडतात. गोडबोले आणि त्यांचे सहलेखक, भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांनी हे प्रमाण मोजून काढलं आणि १९९१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या संशोधनपत्रिकेत मांडलं. त्या काळच्या काही आराखड्यांत हा कचरा इतका होणार होता की स्वच्छ यंत्राचा मुख्य फायदाच धोक्यात यावा. तेव्हापासून असं यंत्र आखताना हा हिशेब धरावाच लागतो. सर्नच्या 'क्लिक' या प्रस्तावित सरळ यंत्राच्या सर्वाधिक ऊर्जेच्या आराखड्यात पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीला अशा सुमारे तीन घटना गृहीत धरल्या आहेत.

कचरा मोजणं हे काम ऐकायला कंटाळवाणं वाटेल. पण संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर एखादा ओळखीचा चेहरा शोधायचा, तर रोजची गर्दी कुठून येते नि कुठं वळते ते आधी माहीत लागतं. सर्नच्या प्रोटॉन आदळवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सेकंदाला सुमारे १०० कोटी टकरा होतात आणि हिग्ज त्यात जेमतेम एखादा. हे गर्दीचं गणित मांडणाऱ्या शाखेला फेनॉमेनॉलॉजी म्हणतात. विश्वाचं अंतिम समीकरण शोधणाऱ्यांचे फोटो पोस्टरवर येतात, या मंडळींचे सहसा नाही. माझ्या मते प्रयोगवाल्यांना रोजच्या कामात यांचीच गरज जास्त पडते.

आता गोडबोले यांचं थोडं चरित्र. जन्म पुण्याचा, १२ नोव्हेंबर १९५२. शाळा हुजूरपागा, कॉलेज एस. पी. मग आपल्या शेजारची पवईची आयआयटी, १९७९ मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएचडी आणि तिथून थेट परत, कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत. १९८२ ते १९९५ ही तेरा वर्षं त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. फोटॉनचा हा हिशेब याच काळातला, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण विद्यापीठात राहून वरच्या दर्जाचं संशोधन होत नाही ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. नवे शोधनिबंध तेव्हा टपालानं यायचे. निबंध छापायच्या आधीच सर्वांना मोफत वाचायला मिळणारं 'अर्काइव्ह' सुरू झालं तेही १९९१ च्या ऑगस्टमध्येच. पुढं त्या बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत गेल्या. शास्त्रज्ञ राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं, ते २००८ मध्ये आलं. पद्मश्री २०१९ मध्ये. २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आणि पोटापाण्याचं? आईवडिलांना शेवटी हेच हवं असतं. बीएस्सीसाठी ठाण्यात बांदोडकर कॉलेज आहे. एमएस्सीला मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल. बीएस्सी-एमएस्सी एकत्र असा एकात्मिक अभ्यासक्रम हवा असेल तर कलिन्यातच अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचं मूलभूत विज्ञान केंद्र, नाहीतर पुण्याची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आयसर. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर ठाणेकरांना लोकलनं वाशीला गाडी बदलून गाठता येतं. पदवीच्या मुलांसाठी तिथं 'नियस' नावाचा उपक्रम चालतो, तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. पीएचडीला पाचसहा वर्षं लागतात, पण ती फुकट जात नाहीत: २०२३ पासून ज्युनियर फेलोशिप महिना ३७ हजार रुपये आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. दोनतीन ठिकाणी, बहुधा परदेशात, दोनदोन वर्षांच्या तात्पुरत्या जागा आणि कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास. मुलींच्या बाबतीत नेमकी तीच वर्षं लग्न आणि मुलांची म्हणून घरच्यांनी राखून ठेवलेली असतात. वर्गात मुली असतात आणि प्राध्यापकांच्या यादीत नसतात, त्या मधल्या या टप्प्यात गळतात. गोडबोले यांनी हे वर्षानुवर्षं, न कंटाळता, विज्ञान अकादमीच्या समित्यांपुढं मांडलं.

ते सरळ यंत्र मात्र अजून बांधलं गेलेलं नाही. सर्नच्या पुढच्या आराखड्यात सध्या आघाडीवर आहे तो सुमारे ९१ किलोमीटर घेराचा, पुन्हा गोलच बोगदा. त्यातही सुरुवातीला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच धावायचे आहेत आणि बीमस्ट्राहलुंगचा हिशेब तिथंही चुकत नाही. मंजुरी मिळाली तर ते २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होईल. ठाण्यात आज अकरावीला असलेली मुलगी तोवर चाळिशीकडं झुकलेली असेल. म्हणजे पीएचडी, तात्पुरत्या जागा वगैरे उरकून ती बरोबर वेळेवर पोचते.