मोटारीतील बिघाडांची घरगुती तपासणी (मराठवाडा)

मोटार सुरू होत नाही, तापते, थरथरते किंवा डॅशबोर्डवर दिवा पेटतो, अशा वेळी दोष नेमका कुठे आहे हे गाडीमालकाने घरीच क्रमाने शोधण्याची रीत. दुरुस्ती पुष्कळदा मिस्त्रीच करतो. तरीही आधीची तपासणी मोलाची ठरते, कारण दोष न शोधता सुटे भाग बदलत बसण्याइतका महाग मार्ग दुसरा नाही.

मराठवाड्यात या तपासणीला हवामानाने आणि शेतीने वेगळे वळण दिले आहे. मे महिन्यात ४० अंशांवर जाणारा पारा, बोअरचे क्षारयुक्त पाणी, काळ्या मातीचा फुफाटा आणि घरात धान्य साठवण्याची पद्धत यांतून इथले बरेच बिघाड जन्मतात. वाळूज आणि शेंद्रा येथील वाहन कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरच्या आसपास जाणते फिटर मिळतात. किनवट, माहूर किंवा भूम-परंड्याकडच्या खेड्यात मात्र बॉनेट आधी मालकालाच उघडावे लागते.

गाडी सुरूच होत नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. लाइट एकदम मंद होऊन नुसता टकटक आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट लखलखीत राहून सेल्फ गप्प असेल तर दोष स्टार्टरकडे (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) किंवा त्याच्या वायरिंगकडे असतो. इंजिन जोरात फिरते पण धरत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरीचा नाद सोडून इंधन आणि ठिणगी पाहावी. पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची बारीक घरघर दोनेक सेकंद ऐकू येते. ती आली नाही तर आधी पंपाचा फ्यूज बघावा. उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. चालू गाडीतही आकडा १२ च्या आसपासच रेंगाळला तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) चार्जिंग करत नाही, आणि तिथे नवी बॅटरी आणून उपयोग नाही. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने निघते. पाना लावताना वजा टोक आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे. थंडीपेक्षा उन्हाळाच बॅटरीचे आयुष्य जास्त खातो, ही गोष्ट इथल्या मालकांनी पक्की लक्षात ठेवायला हवी.

या भागातला सर्वांत घातक बिघाड म्हणजे गाडी गरम होणे. त्याचे मूळ अनेकदा पाण्यात सापडते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापलेल्या धातूवर त्यांचा थर बसतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होत जातात. टंचाईच्या काळात लोक हाताशी येईल ते पाणी रेडिएटरमध्ये ओततात, आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले हे आठवले की त्यांना दोष देववत नाही. तरी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून एक कॅन डिकीत ठेवणे हाच खरा उपाय आहे. तापमानाचा काटा वर चढू लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर सोडावा, गाडी सावलीत घ्यावी आणि इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंड-हात भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबून, मग फडक्याने धरून ते हळूहळू फिरवावे.

थंड झाल्यावर आधी पातळी पाहावी. पाणी पुरेसे असेल तर बहुतेक गाड्यांत एक सोपी कसोटी लागू पडते. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर आपोआप फिरत नाही, तर संशय तापमानाच्या सेन्सरवर. दोन्ही वेळा फिरला नाही तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) आणि मोटर या क्रमाने बघावे. पंखा ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला फुफाटा, किडे आणि कापसाचे तंतू तपासावेत. ते पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुवावेत. जोराच्या फवाऱ्याने पातळ पट्ट्या वाकतात.

काळ्या मातीचा आणखी एक खास प्रकार आहे. पावसाळ्यात रानात जाऊन आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून विटेसारखा घट्ट होतो. मग ताशी ७०-८० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागते आणि मालक अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) पैसे भरून येतो. दोष चाकाचा तोल जाण्याचा असतो. चाकाच्या मागून हात घालून तो चिखल खरवडला की थरथर पुष्कळदा थांबते. एअर फिल्टरही इथे पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच उघडून पाहावा. बाभळीचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये रुतला आणि हवा हळू जात असेल तर पंक्चरवाल्यापर्यंत तो उपटू नये.

सोयाबीन किंवा सरकीची पोती ठेवलेल्या घराजवळ उभ्या गाडीत उंदीर शिरतात. ते वायरींचे आवरण कुरतडतात आणि मग एकदम दोन-तीन दिवे पेटतात किंवा इंजिन झटके देते. चार दिवस उभी गाडी काढण्यापूर्वी बॉनेट उघडून लेंड्या आणि धान्याची टरफले पाहणे हे सेन्सर बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडते. तंबाखूची पाने ठेवण्याची पद्धत आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये; खालून बारीक तारेची जाळी बसवणे बरे.

इंजिनाचा दिवा पेटल्यास ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मोबाइलला जोडून कोड वाचता येतो. कोड बिघाडाची जागा सुचवतो, भाग सांगत नाही. उदाहरणार्थ, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारा भाग) असलेल्या गाडीत पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करावी. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब आहे. तोच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर पाहावा. हा दिवा सतत लुकलुकत असेल तर गाडी चालवू नये, कारण न जळलेल्या इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) जळतो.

ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनमधली हवा काढणे गावोगाव लोकांना येते. तोच हात नव्या कॉमन रेल (एकाच नळीतून सर्व इंजेक्टरना फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीवर चालवणे जिवावर बेतू शकते. तिच्या इंजेक्टरच्या पाइपमध्ये १,००० बारपेक्षा जास्त दाब असतो आणि तो फवारा कातडीतून आत शिरतो. एअरबॅगच्या वायरींना आणि हायब्रीड गाडीच्या नारिंगी वायरींनाही घरी हात लावू नये. ब्रेकचा पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ब्रेक ऑइलची पातळी पाहण्यापुरतीच घरची तपासणी. अशी गाडी दोरीने टोचन करून नेणेही चुकीचे, कारण पुढची गाडी थांबली तरी मागचीला थांबता येत नाही. ती उचलूनच गॅरेजला न्यावी लागते.